वारंवार गर्भस्राव आणि ‘किलर’ पेशींचा बागुलबुवा

सीमाभागातल्या आपल्या घरांत गोड बातमी दोन्ही भाषांतून फिरते. माहेरची माणसे ‘दिवस गेले’ म्हणतात, शेजारच्या अक्का ‘बसुरी’ म्हणतात. कुणाकडे डोहाळजेवण होते, कुणाकडे कुबसाचा कार्यक्रम. बाळंतीण आणि बाणंती हे शब्द तर सख्ख्या बहिणी शोभावेत असे. पण दोन-अडीच महिन्यांतच गर्भ गेला, तर ती बातमी मराठीतही सांगितली जात नाही आणि कन्नडमध्येही नाही. पहिल्यांदा ‘होते असे कधीकधी’ म्हणून घरातले धीर देतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच झाले की कुजबुज सुरू होते आणि ती नेहमी सुनेच्याच दिशेने जाते.

पूर्वी या कुजबुजीत दृष्ट, बाधा, सर्पदोष असे शब्द असत. आजही कोणी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करतात, कोणी कुक्के सुब्रह्मण्यला सर्पसंस्कार करतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. अलीकडे मात्र या शब्दांच्या जोडीला लॅबोरेटरीतून आलेले नवे शब्द बसले आहेत : एनके सेल्स, अँटीबॉडीज, इम्यून फॅक्टर. ‘तुझेच शरीर बाळाला स्वीकारत नाही’ असे ऐकून आलेल्या मुली भेटतात. दोषाचे नाव बदलले, पण बोट तिच्याकडेच राहिले. म्हणून या आठवड्यात या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात मराठी शिकवते. मागे एक माजी विद्यार्थिनी सासूबाईंना घेऊन घरी आली होती. तीन वेळा गर्भ गेलेला, हातात चार पानांचा रिपोर्ट. तिने विचारले, “मॅडम, यात नॅचरल किलर असं लिहिलंय. म्हणजे माझ्याच अंगात मारेकरी आहेत का?” सासूबाई कन्नड बोलणाऱ्या. त्या एवढेच म्हणाल्या, “एनंत बरदार्री?” काय लिहिले आहे, हा त्यांचा साधा प्रश्न. एका आकड्यापुढे ‘हाय’ असे छापले होते आणि त्यावर महागड्या सलाइनचा सल्ला मिळाला होता. त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले, ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारले. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडते.

आधी शब्दाचे पाहू. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर गर्भपात, असा भेद केला आहे. हे दोन्ही शब्द कन्नडमध्येही आहेत. आज बोलण्यात ‘गर्भपात’ या शब्दाला ‘करून घेतलेला’ असा अर्थ चिकटला आहे. ज्या बाईचे बाळ आपोआप गेले, तिला तो शब्द टोचतो. म्हणून येथे गर्भस्राव हाच शब्द वापरते.

गर्भस्राव दुर्मीळ नाही. लक्षात आलेल्या दर १०० गर्भारपणांपैकी सुमारे १५ अशा रीतीने संपतात. लागोपाठ तीन वेळा असे होण्याची वेळ मात्र सुमारे १०० जोडप्यांपैकी एकावर येते. युरोपातील तज्ज्ञांची संघटना आता दोन गर्भस्रावांनंतरच तपासण्या सुरू करा असे म्हणते, ब्रिटनमध्ये साधारणपणे तीन मोजतात. सुरुवातीच्या महिन्यांतील निम्म्याहून अधिक गर्भस्रावांत त्या गर्भाची गुणसूत्रांची जुळणीच मुळात चुकलेली असते. ती जिना चढली, स्कूटरवर बसली, पिकलेल्या पपईची फोड खाल्ली, यामुळे ते घडत नाही. याखेरीज गर्भाशयातील पडदा, थायरॉइडचा बिघाड, आटोक्यात नसलेला मधुमेह, आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांतील अदलाबदल अशी कारणे सापडतात. आणि सुमारे निम्म्या जोडप्यांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. या रिकाम्या जागेतच ‘इम्यून’ हा शब्द येऊन बसतो.

त्या शब्दामागचा प्रश्न मात्र खरा आहे. पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली तो विचारला. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर आपले शरीर ते परके म्हणून नाकारते. पोटातल्या बाळात निम्मा वाटा वडिलांचा असतो, म्हणजे तेही निम्मे परकेच. मग आईचे शरीर नऊ महिने त्याला कसे सांभाळते? मेडावार यांना पुढे १९६० साली रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या प्रश्नावरून एक समजूत मात्र रूढ झाली. आई आणि बाळ यांच्यात जणू युद्ध चालू असते, आईची प्रतिकारशक्ती झोपली तरच बाळ वाचते आणि ती जागी राहिली की गर्भ पडतो, अशी ती समजूत. पुढच्या संशोधनाने हे चित्र बरेच बदलले.

त्या ‘किलर’ पेशींचेच घ्या. या पांढऱ्या पेशींना हे नाव १९७५ च्या सुमारास मिळाले, कारण प्रयोगशाळेत त्या कर्करोगाच्या पेशी मारताना दिसल्या. गर्भाशयाच्या अस्तरातही याच कुळातल्या पेशी असतात. गर्भारपणाच्या सुरुवातीला तेथील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. पण तेथे त्या बाळाला मारत नाहीत. आईच्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद करून वारेला भरपूर रक्त मिळावे, या कामात त्या मदत करतात. म्हणजे नाव मारेकऱ्याचे आणि काम गवंड्याचे. हातातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी आणि गर्भाशयातल्या एनके पेशी यांचे गुणधर्म वेगळे आहेत. रक्तातला आकडा व्यायामाने, ताणाने, दिवसाच्या वेळेनुसारही बदलतो. केंब्रिज विद्यापीठाच्या अ‍ॅशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच बजावले होते की, रक्तातला हा आकडा पाहून गर्भाशयात काय चालले आहे ते सांगता येत नाही आणि त्यावरून औषधे देऊ नयेत. युरोपीय तज्ज्ञांचा सल्लाही आज तोच आहे.

मग प्रतिकारशक्तीच्या सगळ्याच तपासण्या खोट्या का? अजिबात नाही. त्यात तीन तपासण्या फार मोलाच्या आहेत आणि त्या चुकवू नयेत, हेच आजच्या लेखाचे मुख्य सांगणे आहे. त्यांची नावे लक्षात ठेवा : लुपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. या अँटीबॉडीज रक्तात टिकून राहिल्या आणि त्यासोबत वारंवार गर्भस्राव किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असला, तर त्या आजाराला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरांनी १९८३ साली त्याची ओळख करून दिली. यात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि वार नीट रुजण्यातही अडथळा येतो.

येथेही नावे फसवी आहेत. ‘लुपस अँटीकोअ‍ॅग्युलंट’ हा घटक सापडलेल्या बहुतेकांना लुपस हा आजार नसतो. आणि अँटीकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारा, तर हा काचेच्या नळीत तसा वागतो पण शरीरात नेमका उलटा, गुठळ्या करणारा. रिपोर्ट वाचून इंटरनेटवर शोधाशोध करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट व्हीडीआरएलची. गर्भारपणात ही तपासणी सर्वांचीच होते. ती गुप्तरोगासाठी असली तरी तिच्यात कार्डिओलिपिन हाच पदार्थ वापरतात. त्यामुळे या आजारात व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेण्याआधी टीपीएचएसारखी खात्रीची तपासणी करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली आणि गर्भस्रावांचा इतिहास असला, तर डॉक्टरांना या तीन अँटीबॉडीजबद्दल जरूर विचारावे.

वारंवार गर्भस्राव होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के जणींत या अँटीबॉडीज सापडतात, असे ब्रिटनच्या तज्ज्ञांनी नमूद केले आहे. तपासणीची एक अट आहे. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे झाले, असे नाही. साध्या तापानंतर, संसर्गानंतरही या अँटीबॉडीज काही काळ दिसतात आणि निघून जातात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तरच ती खरी मानायची. पहिल्याच रिपोर्टवर ‘तुम्हाला हा आजार आहे’ असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या तपासणीचा आग्रह धरा. दहाव्या आठवड्यानंतर नीट वाढलेले बाळ एकदाच पोटात गेले असेल, तरीही या तपासण्या कराव्यात. त्यासाठी तीन वेळांची वाट पाहायची नसते.

निदान पक्के झाले तर उपचार आहे आणि तो आपल्याकडेही मिळतो. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील राज राय आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा ९० स्त्रियांचे दोन गट केले. नुसती अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४५ जणींपैकी १९ जणींना जिवंत बाळ झाले. अ‍ॅस्पिरिनसोबत हिपॅरिनची इंजेक्शने घेतलेल्या ४५ जणींपैकी ३२ जणींना झाले. म्हणजे ४२ टक्क्यांवरून ७१ टक्के. हिपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते, पोटावर काळेनिळे डाग पडतात, प्लेटलेट्सवर लक्ष ठेवावे लागते. पण निदान खरे असेल तर हा त्रास सार्थकी लागतो.

अ‍ॅस्पिरिनबद्दल आपल्याकडे ‘गरोदरपणात रक्त पातळ करणारी गोळी?’ अशी भीती असते. या गोळीच्या सुरक्षिततेचा एक मोठा पुरावा आपल्याच मातीतून गेला आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पहिलटकरणींना अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन दिली तर वेळेआधीच्या प्रसूती कमी होतात का, याची चाचणी सहा देशांत सुमारे १२,००० स्त्रियांवर झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतातली तिची दोन केंद्रे होती, नागपूर आणि आपले बेळगाव. वेळेआधीच्या प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या आणि गोळीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. ही चाचणी वारंवार गर्भस्रावासाठी नव्हती, हे लक्षात असू द्या. आणि सुरक्षित आहे म्हणून कोणीही मनाने गोळी सुरू करू नये. अँटीबॉडीज नसताना, कारण न सापडलेल्या गर्भस्रावांत अ‍ॅस्पिरिन आणि हिपॅरिन देऊन काही फायदा होत नाही, हे नेदरलँड्समध्ये २०१० साली दिसून आले आहे. वर्षानुवर्षे ‘सेफ साइड’ म्हणून इंजेक्शने घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलावे.

आता बाकीच्या तपासण्या. आपल्या भागात सर्रास लिहून दिली जाते ती ‘टॉर्च’. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही आणि हर्पिस यांच्या अँटीबॉडीज तीत मोजतात. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो संसर्ग कधीतरी होऊन गेला किंवा लस घेतलेली आहे, एवढाच अर्थ. कर्नाटकात २०१७ साली शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. त्या वेळच्या मुली आता संसाराला लागत आहेत. त्यांची रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह यायलाच हवी, ती संरक्षणाची खूण आहे. असे संसर्ग एखाद्या गर्भारपणाला धोका देऊ शकतात, पण पुन्हा पुन्हा गर्भ पाडत नाहीत. म्हणून वारंवार गर्भस्रावाच्या तपासात टॉर्चचा उपयोग नाही, असे ब्रिटनच्या तज्ज्ञांनी केव्हाच सांगितले आहे. ‘टॉर्च निघाला’ म्हणून सुनेला वर्ष-वर्ष औषधे देणे थांबायला हवे.

थायरॉइडच्या अँटीबॉडीजचेही तसेच. टीएसएच तपासावी आणि ती बिघडलेली असेल तर गोळी जरूर घ्यावी. पण टीएसएच नीट असून नुसत्या अँटीबॉडीज असतील, तर थायरॉइडची गोळी घेऊन जिवंत बाळाचे प्रमाण वाढत नाही, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत २०१९ साली दिसले. एएनए ही तपासणी तर निरोगी स्त्रियांतही पॉझिटिव्ह येते. कॅनडात १९९७ साली अशा निरनिराळ्या अँटीबॉडीज असलेल्या, गर्भ टिकत नसलेल्या स्त्रियांना स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिले. जिवंत बाळांच्या प्रमाणात ठाम फरक पडला नाही. उलट औषध घेतलेल्यांत वेळेआधी जन्मलेली बाळे ६२ टक्के होती, न घेतलेल्यांत १२ टक्के.

आणखी एक उपचार आपल्या देशातही काही खासगी केंद्रांत दिला जातो. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून बायकोला टोचायच्या. त्यामागची कल्पना अशी की, नवरा-बायकोची जनुकीय ठेवण फार सारखी असेल तर आईचे शरीर बाळाला झाकणाऱ्या अँटीबॉडीज तयार करत नाही. मामाच्या मुलीशी किंवा अक्काच्या मुलीशी लग्ने होणाऱ्या आपल्या भागात ही कल्पना चटकन पटते. नात्यातल्या लग्नांचे आनुवंशिक धोके आहेतच, पण त्यावर हा उपाय नव्हे. अमेरिकेतील कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली त्याची काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. पेशी टोचलेल्यांत ३६ टक्के जणींना यश आले, नुसते सलाइन टोचलेल्यांत ४८ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली संशोधनाबाहेर हा उपचार थांबवला. सोयाबीन तेलापासून बनवलेल्या इंट्रालिपिडच्या सलाइनलाही असाच भक्कम पुरावा नाही. इम्युनोग्लोब्युलिनचा अभ्यास अजून चालू आहे. चार किंवा अधिक गर्भस्राव झालेल्या सुमारे १०० स्त्रियांवरच्या जपानमधील चाचणीत २०२२ साली मोठ्या मात्रेचा फायदा दिसला. पण दोन-तीन गर्भस्राव झालेल्या प्रत्येकीने दागिने मोडून ते घ्यावे, असा त्याचा अर्थ नाही.

“पण अमकीला त्या सलाइनने गुण आला,” असे आपल्याला कोणीतरी सांगतेच. ती खोटे बोलत नसते. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे आकडे पाहा. कारण न सापडलेले वारंवार गर्भस्राव झालेल्या ८३६ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन दिले, निम्म्यांना औषध नसलेली दिसायला तशीच कॅप्सूल. प्रोजेस्टेरॉनवाल्यांत ६६ टक्के आणि नुसत्या कॅप्सूलवाल्यांत ६३ टक्के जणींना जिवंत बाळ झाले. (पूर्वी गर्भस्राव झालेले असून या खेपेस रक्तस्राव सुरू झाला, तर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो, हे २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत दिसले.) म्हणजे ठोस औषधाविना दहापैकी सहा जणींच्या मांडीवर बाळ येते. त्या वेळी जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळते. सलाइनलाही मिळते, नवसालाही मिळते. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तीन वेळा रिकाम्या हाताने घरी आलेल्या मुलीला तो कोणी सांगत नाही.

तेव्हा करायचे काय? पहिले, प्रत्येक वेळचे सोनोग्राफीचे आणि इतर रिपोर्ट तारखेनुसार एका फायलीत लावा. कितव्या आठवड्यात गर्भ गेला, हृदयाचे ठोके दिसले होते का, हे डॉक्टरांना सर्वांत आधी हवे असते. दुसरे, पुन्हा दुर्दैवाने तशी वेळ आली तर त्या गर्भाची गुणसूत्रे तपासता येतील का, ते विचारा. तिसरे, नवऱ्यानेही दवाखान्यात बरोबर जावे. सिगारेट, गुटखा, वजन हे त्याचेही विषय आहेत, आणि गरज पडली तर गुणसूत्रांची तपासणी दोघांचीही होते. चौथे, त्या तीन अँटीबॉडीज तपासा आणि पॉझिटिव्ह आल्यास १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. पाचवे, दुसरी कोणतीही महागडी तपासणी सांगितली तर शांतपणे एकच प्रश्न विचारा : “डॉक्टर, ही पॉझिटिव्ह आली तर आपण वेगळे काय करणार, आणि त्याने बाळ होण्याची शक्यता वाढते हे सिद्ध झाले आहे का?” चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

सासूबाईंसाठीही एक गोष्ट. ओस्लोमधील डॉक्टरांनी १९८४ साली कारण न सापडलेल्या स्त्रियांना दर आठवड्याला बोलावून तपासले, धीर दिला, विश्रांती दिली. औषध काही नव्हते. त्यांच्यात ८६ टक्के जणींचे गर्भारपण सुखरूप पार पडले, अशी देखभाल न मिळालेल्यांत ३३ टक्के. ती काटेकोर चाचणी नव्हती, त्यामुळे एवढा मोठा फरक जसाच्या तसा धरता येणार नाही. पण आपुलकीने कोणाचे नुकसान होत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. पुढच्या खेपेस सुनेला पहिल्या तीन महिन्यांत माहेरी, तवरमनीला जावेसे वाटले तर जाऊ द्या. सासरीच राहावेसे वाटले तर घराचे वातावरण हलके ठेवा. गेलेल्या बाळाबद्दल तिला बोलावेसे वाटले तर मराठीत बोलू द्या, कन्नडमध्ये बोलू द्या, आणि तिचे बोलून होईपर्यंत मधे कारण शोधू नका.